फळीपलीकडचा मित्र

एका खोलीत दोन सलून होती आणि दोन्हींना मिळून आरसा एकच होता. हे कसं झालं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढच्या गोष्टीत काही राम राहणार नाही.

सलून मुळात वडिलांचं, खोली मात्र भाड्याची. दोन खुर्च्या, एक बाक आणि समोरची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकणारा अखंड आरसा. वडील गेल्यावर दोघे भाऊ शेजारी शेजारी उभे राहून काम करायचे. लोक त्यांना नावाने कधी ओळखतच नसत. थोरला आणि धाकटा, बस्स. एका सुट्टीच्या दिवशी बाकावर बसायला जागा नव्हती इतकी गर्दी होती. धाकटा बेकरीवाल्याचे केस कापत होता. थोरल्याने कडेने बघितलं. मागची ओळ त्याला तिरकी वाटली. "सर जरा, बघू दे," म्हणाला आणि त्याने धाकट्याच्या हातातली कात्री काढून घेतली.

आता या धंद्यात एकाच्या हातातली कात्री दुसरा घेत नाही. गिऱ्हाईक खुर्चीत असताना तर नाहीच नाही. धाकट्याने हात धुतले, टॉवेलला पुसले आणि तो घरी गेला. आठवड्याने परत आला तो सुताराला घेऊनच. दारापासून आरशापर्यंत प्लायवूडची फळी उभी राहिली आणि एका सलूनची दोन झाली. फळी आरशाला टेकवून पक्की करायची तर आरशात भोक पाडावं लागणार होतं. सुतार म्हणाला, "भोक पाडलं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा जाईल. मग मला बोलायचं नाही." वडिलांचा आरसा फुटावा असं दोघांनाही वाटत नव्हतं. म्हणून फळी आरशाच्या चार बोटं अलीकडेच थांबली.

त्या चार बोटांच्या फटीतून सगळं ऐकू येई. इकडच्या गिऱ्हाइकाने विनोद सांगितला की तिकडचं गिऱ्हाईक हसायचं. तिकडे कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं की इकडे बातमी पोचायची. तिरकं उभं राहिलं तर आरशात पलीकडच्याचा एक कान आणि कात्रीचा हात दिसे. थोरला कधी मुद्दाम तिरका उभा राहत नसे, असं तो म्हणायचा.

भावांचं बोलणं बंद होतं असं नाही, पण बोलण्यासारखं बोलणंही नव्हतं. "पाणी आलं का?" "आलं." एवढ्यावर काम चाले. दोघांच्या बायका मात्र पहिल्यापासून एकत्र भाजी आणायच्या, एकत्र हसायच्या आणि कशाला हसतात ते नवऱ्यांना सांगायच्या नाहीत.

मग सगळ्या गावाचे केस कापणाऱ्या या दोघांचे केस कोण कापत होतं? ते एकमेकांचे कापत. दुसऱ्या कोणाच्या हाताखाली डोकं द्यायला दोघेही तयार नव्हते. महिन्यातल्या शेवटच्या सुट्टीला दार अर्धवट ओढून एकदा हा त्याच्या खुर्चीत बसायचा, मग तो ह्याच्या. उभा असलेला बसलेल्याला एकच शब्द बोलायचा, "मान." म्हणजे मान खाली कर. बसलेला मान खाली करायचा. थोरला बसलेला असला तर त्याच्याकडून मात्र सूचना चालू असत. "कानामागे मशीन नको. कल्ले जरा वर. घाई करू नकोस." काम झालं की रोख पैसे, कारण उपकार कोणाला नको होते. इकडून तिकडे आणि तिकडून इकडे नेहमी तीच एक नोट जायची. तिच्या कोपऱ्याला चिकटपट्टी होती. ती पट्टी कधीतरी थोरल्याच्याच बायकोने लावली होती.

थोरल्याचे पैसे पावडरच्या डब्यात असत. मानेवर पावडर मारून मारून डबे रिकामे व्हायचे. ते फेकायचे कशाला, म्हणून वडिलांनी त्यांत पैसे ठेवायला सुरुवात केली आणि थोरल्याने ती सवय पुढे चालवली. बँक उघडायची तेव्हाच दुकान उघडायचं, त्यामुळे आज जाऊ, उद्या जाऊ करता करता वर्षं गेली. धाकट्याने आरशाला ठिपक्याठिपक्यांचा चौकोन चिकटवला होता. गिऱ्हाईक त्याच्यासमोर फोन धरायचं आणि पैसे परस्पर त्याच्या खात्यात जायचे. थोरल्याला ते पटत नसे. पैसा हाताला लागला पाहिजे असं त्याचं म्हणणं. एक डबा भरला की तो घरी कपाटाच्या वरच्या फळीवर जायचा. असे डबे वाढत गेले. मुलीचं लग्न झालं, घराचा खालचा मजला झाला, दोन आजारपणं झाली, तेव्हा डबे उतरले. पण मग खर्च संपले आणि डबे मात्र साठतच राहिले. कपाट उघडलं की न्हाऊन आलेल्या बाळासारखा वास यायचा.

बायकोची नजर त्या डब्यांवर होती आणि तिने ती कधी लपवली नाही. घराच्या गच्चीवर सळया उभ्या होत्या. वरची खोली बांधायची म्हणून ठेवलेल्या. त्या गंजून लाल झाल्या होत्या आणि तिने त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालायला सुरुवात केली होती. मुलगी दोन पोरांना घेऊन राहायला आली की खाली पाय ठेवायला जागा नसायची. जावई उंच होता. तो झोपला की त्याचे पाय स्वयंपाकघरात जायचे.

"वरची खोली झाली असती तर," बायको पोरांच्या अंगावरून सावकाश पाय टाकत म्हणायची, "माणसं माणसांसारखी झोपली असती."

"होईल गं."

"सळया आधी मोडून पडतील, मग होईल."

थोरलाही मनातून त्या खोलीच्याच बाजूचा होता. यंदा गवंड्याला बोलवायचंच, असं त्याने ठरवलं होतं. आणि तेवढ्यात मालकीणबाईंनी त्याला वर बोलावलं.

मालकीणबाई सलूनच्या वरच राहायच्या. दोघा भावांना त्यांनी चड्डीत फिरताना पाहिलं होतं, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात आडपडदा नसे.

"मी लेकीकडे चाललेय, कायमची," त्या म्हणाल्या. "खालची खोली विकायचीय. तू थोरला, म्हणून आधी तुला विचारते. पण माझी अट ऐक. एकानेच यायचं आणि एकच चेक द्यायचा. तुमची दोन भाडी दोन वेगळ्या दिवशी घेता घेता माझे केस पिकले. त्याच्या नळाचं पाणी तुझ्याकडे आलं की दोघेही जिना चढून माझ्या उरावर. कागदावर नावं किती घालायची तेवढी घाला. चेक मात्र एक. महिनाअखेरपर्यंत सांग. नाहीतर कोपऱ्यावरचा औषधवाला तयार बसलाय."

त्यांनी किंमत सांगितली. जिना उतरता उतरता थोरल्याने मनातल्या मनात कपाटातले डबे उघडले. सगळे डबे रिकामे केले तर खोली सबंधच्या सबंध त्याची होत होती.

खरं सांगायचं तर त्या जिन्यावर त्याला गुदगुल्या झाल्या. आपण मालक होणार, आणि फळीपलीकडचा पहिल्या तारखेला भाडं घेऊन येणार. आपण म्हणणार, ठेव तिथे. एवढी फळी उभारून शेवटी थोरला तो थोरलाच. दिवसभर हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून त्याने भराभरा डोकी उरकली. संध्याकाळी मात्र गच्चीवरच्या सळया आठवल्या आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली.

निर्णय घेणं अवघड झालं की माणूस दुसऱ्याला विचारतो. थोरल्याला विचारायला जागेवरून हलावंही लागत नव्हतं. पण सरळ विचारलं तर सगळ्या पेठेत बोभाटा होणार. म्हणून त्याने युक्ती काढली.

"माझा एक मित्र आहे," बेकरीवाल्याच्या गालाला साबण लावत तो म्हणाला. "त्याच्याकडे थोडे पैसे साठलेत. काय करावं त्याने?"

"माझ्याकडे पाठव," बेकरीवाला फेसातून म्हणाला. "दुसरी भट्टी घालतो. मित्राला रोज ताजा पाव फुकट."

शाळेतल्या मास्तरांनी मित्राला बायकोसकट फिरायला पाठवलं. एका शिकाऊ वकिलाने मित्राला आधी मृत्युपत्र करायला सांगितलं. ते ऐकून थोरल्याचा हात जरा जड पडला. मग बँकवाले काका आले. ते बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झालेले आणि पैशाच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा.

"पहिल्यांदा तुमच्या मित्राला सांगा," काका म्हणाले, "पैसे त्या डब्यातून बाहेर काढ."

"डब्यात आहेत असं मी कुठे म्हटलं?"

"तुम्ही नाही म्हटलंत. पण तुमच्या मित्राच्या नोटा किराणा दुकानातून फिरत फिरत बँकेत यायच्या ना, तेव्हा आम्ही सगळे कारकून त्या हुंगायचो."

फळीपलीकडे कोणीतरी हसलं आणि हसू लपवायला खोकलं. मग पलीकडची कात्री थांबली. कात्री चालू असताना तिचा आवाज लक्षात येत नाही. थांबली की मात्र लगेच येतो. थोरल्याने ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

"समजा मित्राला एक दुकान विकत मिळतंय," तो जरा मोठ्यानेच म्हणाला. "सबंध. दोन्ही बाजू."

"मग तुमच्या मित्राचा भाऊ कुठे जाईल?" काकांनी विचारलं.

"राहील की. भाडं देऊन."

काका आरशातून त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "व्यवहार म्हणून चांगला आहे." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

रात्रीचं जेवण झाल्यावर बायकोने भांडी विसळता विसळता विचारलं, "तुमच्या मित्राचं काय ठरलं?"

"तुला कोणी सांगितलं?"

"धाकटीने. तिला भाऊजींनी. अहो, पैसे तुमचे आहेत, मग त्या बिचाऱ्या मित्राला कशाला पळवताय?"

थोरल्याने मग सगळं सांगितलं. मालकीणबाईंची अट, एकच चेक, डबे सगळे जातील ते. वरच्या खोलीला यंदाही थांबावं लागेल, असं तो हळूच शेवटी म्हणाला. बायकोने हात पुसले आणि ती समोर येऊन बसली.

"अर्धे भाऊजींनी घातले तर?"

"त्याच्याकडे आहेत का कोणाला माहीत?"

"आहेत. आम्हाला माहीत आहे." हे आम्ही म्हणजे भाजी आणणाऱ्या दोघी. "अर्धं दुकान तुमचं, अर्धं त्यांचं, आणि उरलेल्या डब्यांत माझी खोली होते. इतकं सोपं आहे. जाऊन विचारा."

"मी कशाला? त्याला पाहिजे तर त्याने यावं. मोठा मी आहे. मला काही मान आहे की नाही?"

बायकोला हसू आवरेना. "दर महिन्याला त्यांच्या खुर्चीत बसून ती मान खाली घालता की नाही? मग तो मान एकदा खाली घातला तर काय बिघडलं?"

"ती गोष्ट वेगळी."

"काय वेगळी? केस वाढतात म्हणून ना? मग हेही वाढलंयच."

थोरला उठून झोपायला गेला.

चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी बँकवाले काका पुन्हा आले. त्यांना कुठे तरी समारंभाला जायचं होतं आणि नुसते कल्ले नीट करून हवे होते. थोरल्याने एका बाजूचा कल्ला छान सरळ कापला. दुसऱ्या बाजूला वस्तरा लावणार, तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"माझा एक मित्र आहे," धाकटा कोणाला तरी सांगत होता.

थोरल्याचा हात थांबला. काकांनीही कान टवकारले.

"त्याचं दुकान भाड्याचं आहे," धाकटा म्हणाला. "आता ते दुकान त्याचा भाऊच विकत घेतोय. मित्राकडे त्याच्या वाट्यापुरते पैसे आहेत, पण विचारलंच नाही कोणी त्याला. आपणहून जाऊन मध्ये हात घालावा, तर ते त्याच्याने होत नाही. एकदा त्याच्याच हातातली वस्तू काढून घेतली होती, तेव्हा कसं वाटतं ते त्याला ठाऊक आहे. मग काय करावं त्याने? भावाचा भाडेकरू म्हणून राहावं, का उठावं? बसस्टँडजवळ एक गाळा रिकामा आहे म्हणतात."

पलीकडचं गिऱ्हाईक म्हणालं, "बसस्टँडला गिऱ्हाईक भरपूर."

"हो," धाकटा म्हणाला. "भरपूर आहे."

थोरल्याला एकदम बसस्टँडजवळचा गाळा दिसला आणि त्यात उभा असलेला धाकटा दिसला. मग आपलं दुकान दिसलं. फळी काढलेली, खोली मोठी झालेली, आणि आरशाच्या त्या टोकाला कोणी नाही. पलीकडून कात्रीचा आवाज नाही, खोकला नाही. इतकी वर्षं ज्या आवाजाच्या सोबतीने आपण काम केलं तो आवाजच राहणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं. मालक होण्याच्या गुदगुल्या कुठल्या कुठे गेल्या. कपाटातले सगळे डबे ओतून आपण एक रिकामी खोली घेणार होतो.

त्या तंद्रीत त्याने दुसरा कल्ला कापला. काकांनी चष्मा लावून आरशात पाहिलं. एक कल्ला कानाच्या पाळीशी आणि दुसरा पार वर, डोळ्याच्या रेषेत.

"हे तुमच्या मित्राने कापलंय का?" काकांनी विचारलं.

थोरल्याने माफी मागितली आणि दोन्ही बाजू सारख्या केल्या. त्यामुळे काका समारंभाला दोन्ही कल्ल्यांशिवाय गेले.

महिन्यातली शेवटची सुट्टी आली. थोरला पिशवी घेऊन निघाला तेव्हा बायकोने कपाटाकडे पाहिलं. वरच्या फळीवरचे अर्धे डबे गेले होते. तिने पिशवीचा बंद घट्ट बांधून दिला.

धाकट्याने दार अर्धवट ओढलं, खुर्ची झटकली, थोरल्याच्या अंगावर कापड टाकलं आणि मानेमागे गाठ मारली. केसांवर पाण्याचा फवारा मारून तो कात्री घेऊन उभा राहिला. नेहमीच्या सूचनांची वाट बघत होता. सूचना येईनात.

"कानामागे मशीन नको ना?" त्याने शेवटी विचारलं.

"तुझ्या मनाने काप."

"कल्ले?"

"तुला बरे दिसतील तसे."

धाकट्याने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "दादा, बरं नाही का तुला?"

"बरा आहे. तू काप."

धाकटा कापायला लागला. पहिल्यांदा जपून, मग हात सुटला तसा मोकळेपणाने. थोरल्याने डोळे मिटले होते. मागे काय चाललंय ते त्याला आवाजावरून कळत होतं आणि त्याच्या धंद्याला सरावलेल्या जिभेवर दोनदा सूचना आली. दोन्ही वेळा त्याने ती गिळली. हे काही सोपं गेलं नाही त्याला.

"मान," धाकटा म्हणाला.

थोरल्याने मान खाली केली. मागचे केस झाले, वस्तऱ्याने कड झाली, मानेवर पावडर झाली, तरी त्याने ती वर केली नाही. खालीच बघत त्याने पायाशी ठेवलेली पिशवी उचलली, तिचा बंद सोडला आणि ती आरशाखालच्या फळीवर ठेवली. पिशवीच्या तोंडातून पावडरच्या डब्याचं झाकण दिसत होतं.

"कापण्याचे पैसे यातून घे," तो म्हणाला. "उरलेले तुझ्या खात्यात टाक. तेवढेच तू घाल आणि मालकीणबाईंना चेक दे. तू जा, तूच बोल त्यांच्याशी. नावं दोघांची लाव. तुझं आधी लाव."

धाकटा कात्री हातात धरून तसाच उभा राहिला. "माझ्या खात्यात? दादा, खातं तुझं काढता येईल. बँकवाले काका एका दिवसात काढून देतील."

"माहीत आहे. त्यांनी दहादा सांगितलं. दुसऱ्याच्या खात्यात टाकू नका हेही सांगितलं."

"मग?"

"मग काय? तुझ्या खात्यात टाक."

"आणि मी पैसे घेऊन पळालो तर?"

"पळशील कुठे?" थोरला म्हणाला. "केस कोण कापणार तुझे?"

धाकट्याला हसायला आलं. तो वळला आणि त्याने आपल्या खणातून एक डबा काढून पिशवीशेजारी ठेवला. पावडरचाच, तसाच जुना. फोनवर पैसे घेणारा हा माणूस, पण रोख आलेले पैसे तोही वडिलांसारखेच ठेवत होता. दोघांनी दोन डब्यांकडे पाहिलं आणि मग दोघेही बेदम हसत सुटले. वरून मालकीणबाईंनी काठीने जमीन ठोकली, तेव्हा कुठे थांबले.

मग धाकटा थोरल्याच्या खुर्चीत बसला. थोरल्याने त्याचे केस कापले आणि चिकटपट्टीवाल्या नोटेची कोणालाच आठवण झाली नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. पैसे बँकेत गेले. मोजणाऱ्या मुलीला सारख्या शिंका येत होत्या. बँकवाले काका कपाळाला हात लावून म्हणाले, "दुसऱ्याच्या खात्यात!" आणि मग सगळ्यांना चहा त्यांनीच पाजला. कागदावर सह्या झाल्या तेव्हा थोरल्याचा चष्मा दुकानात राहिला होता. धाकट्याने बोट ठेवलं तिथे त्याने सही केली. मालकीणबाई लेकीकडे गेल्या. जाताना विचारून गेल्या, "आता ती फळी काढाल की नाही?"

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं.

"राहू दे फळी," धाकटा म्हणाला. "काढली तर हा परत माझी कात्री घेईल."

थोरल्याने जरा विचार केला आणि ते खरं होतं हे त्याला मान्य करावं लागलं. फळी राहिली.

गच्चीवर गवंडी आले. सळयांची दोरी सुटली, गंज घासला गेला आणि वरची खोली उभी राहिली. बायकोने तिला दोन खिडक्या ठेवून घेतल्या आणि जावयाला पुरेल एवढा लांब पलंग केला. मुलगी पोरांना घेऊन आली तेव्हा पोरं वर झोपली आणि स्वयंपाकघरात कोणाचेही पाय आले नाहीत. बायको रात्री तीनदा उठून जिना चढून आली, सगळे नीट झोपलेत का बघायला. कपाटाच्या वरच्या फळीवर आता एकच डबा होता आणि तोही अर्धा. थोरल्याला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. उलट कपाट उघडल्यावर इतके दिवस डोक्यावर काहीतरी पडेल असं वाटायचं, ते वाटेनासं झालं.

एका सकाळी बेकरीवाला दाढीला आला. थोरल्याने त्याच्या तोंडाला फेस लावला, वस्तरा उघडला आणि गालावरून पहिला हात फिरवला. पलीकडे मास्तर बसले होते. त्यांचा आवाज फटीतून आला.

"का हो, तुमच्या त्या मित्राचं काय झालं? भाडेकरूच राहिला की उठला?"

"कुठे उठतोय?" धाकटा म्हणाला. "मालक झाला. अर्धा."

"वा! म्हणजे भावाने दिलं म्हणायचं."

"दिलं. आपले पैसे त्याच्या खात्यात टाकून मोकळा झाला. आणि म्हणाला, कागदावर तुझं नाव आधी लाव."

"मग लावलं?"

पलीकडची कात्री थांबली.

"छे हो," धाकटा म्हणाला. "माझ्या मित्राने भावाचंच लावलं आधी. त्या येड्याने चष्मा नव्हता म्हणून वाचलंच नाही. थोरला तो थोरला."

थोरल्याने वस्तरा बाजूला धरला. समोर वडिलांचा अखंड आरसा होता आणि त्यात बेकरीवाला फेस लावलेल्या तोंडाने थेट त्याच्याकडे बघत होता. थोरल्याच्या डोळ्यांतलं पाणी आता गालावर येणार होतं.

"मान," तो घाईने म्हणाला. "मान खाली घ्या जरा."

"अहो," बेकरीवाला म्हणाला, "दाढी चाललीय ना?"

"असू दे," थोरला म्हणाला. "घ्या तरी."